होंडुरासची दहा मिनिटं

छप्पन सालच्या ऑक्टोबरात जळगावच्या एका कॉलेजात युनो भरली. खरी युनो न्यूयॉर्कला भरत होतीच, ही तिची लांबची आतेबहीण. राज्यशास्त्राच्या शालिग्राम सरांना पुण्याहून विद्यापीठाचं पत्र आलं होतं. चोवीस तारखेला संयुक्त राष्ट्रांचा वाढदिवस, तो कॉलेजाकॉलेजांतून साजरा व्हावा. विद्यार्थ्यांनी एकेका देशाचे प्रतिनिधी होऊन बसावं आणि जगाच्या प्रश्नावर बोलावं. जो सगळ्यांत चांगला बोलेल, त्याला डिसेंबरात पुण्याच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी मेळाव्याला पाठवावं. प्रश्नसुद्धा पत्रातच होता : सुएझचा कालवा कुणाचा?

सरांनी चोवीस देश निवडले आणि चोवीस पोरं. देश वाटताना त्यांनी कुणाची जात विचारली नाही, एवढा मोठेपणा दाखवला. नुसती आडनावं वाचली आणि वाटले. अमेरिका गेली रतिलालला. त्याच्या बापाची जिनिंग फॅक्टरी होती आणि कॉलेजात टाय बांधून येणारा तो एकटाच होता. रशिया गेला एका बड्या वकिलाच्या मुलाला. इंग्लंड, फ्रान्स, इजिप्त आणि हिंदुस्थान हे चार देश डॉक्टर, मामलेदार, कापूसवाले यांची पोरं आणि खुद्द प्रिन्सिपॉलसाहेबांचा पुतण्या यांच्यात जिरले. उरलेले अठरा देश मागच्या बाकांवर उधळले, लग्नात पोरांवर चुरमुरे उधळतात तसे.

चुडामण मागच्या बाकावर बसायचा. फैजपूरकडच्या खेड्यातला, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. घरी थोडी केळीची बाग. सर त्याच्याजवळ आले तेव्हा यादीत एकच देश उरला होता.

"चुडामण, तू होंडुरास घे. आणि हे बघ, पुण्याचे पाहुणे येणार आहेत. केळी तुझ्याकडून. दोन घड पुरतील."

"होंडुरास कुठं आहे सर?"

"असेल तिकडेच, अमेरिकेच्या खाली. पण घड पिकलेले आण हं."

देश नकाशावर सापडला नाही तरी चालेल, केळी पिवळी हवीत. कॉलेजाला केळी लागली की चुडामण आठवायचा. गॅदरिंगला आठवायचा, मंत्री आले की आठवायचा. व्याख्यानाला बसायला जागा मात्र शेवटच्या रांगेत, खांबाच्या मागे.

तो लायब्ररीत गेला. लोढ्याएवढा इंग्रजी ज्ञानकोश काढून त्यात होंडुरास शोधला, आणि पान उघडताच खाली बसला. पानावर फोटो होता. एक माणूस खांद्यावर केळीचा घड घेऊन चालला होता. घड तसाच, मान तशीच कलती, खांद्यावर तसाच गोणपाटाचा तुकडा. डोक्यावर टोपीऐवजी रुंद काठाची हॅट, एवढाच काय तो फरक. चुडामणने डिक्शनरी घेऊन तीन दिवसांत ते सगळं वाचून काढलं. तिथे केळी परकी कंपनी विकत घेते. आगगाडी त्याच कंपनीची, बंदरही तिचंच. भावही तीच ठरवते. शेतकरी घड कापून रुळाशेजारी रचतो आणि गाडीची वाट बघतो. गाडी आली नाही, तर घड काळे पडलेले बघतो.

रात्री बोर्डिंगातल्या खोलीवर त्याने हे पंडितला सांगितलं. पंडित त्याच्याच खोलीतला, फैजपूरकडचाच, यादीतला आइसलँड.

"अरे, म्हणजे आपल्यासारखंच की रे भो!"

"आपली गाडी निदान आपल्या सरकारची."

"वॅगन मिळाली नही म्हंजे केळीले काय समजतं, गाडी कोनाची ते? काळी ती काळीच."

ते वाक्यही चुडामणने लिहून घेतलं. लिहिता लिहिता भाषणाची अकरा पानं झाली. सुएझवर त्यात एवढंच होतं की, ज्याच्या जमिनीतून वाट जाते त्याला त्या वाटेचं काहीच विचारत नाहीत, ही जगाची जुनी खोड आहे, आणि हे होंडुरासच्या शेतकऱ्याइतकं कुणाला कळत नाही. वीस वर्षांच्या आयुष्यात चुडामणला चारचौघांत उभं राहून काही सांगावंसं पहिल्यांदाच वाटलं होतं. पुण्याला जायला मिळालं तर उत्तमच. पण खरं म्हणजे त्याला ही अकरा पानं त्या हॉलमध्ये, त्या पुढच्या रांगेला ऐकवायची होती.

चोवीस तारखेला हॉल सजला. पुढे सहा टेबलं, त्यांवर पांढऱ्या चादरी, पाण्याचे पेले, देशांच्या पाट्या. मागे तीन रांगांत अठरा खुर्च्या. त्यांच्या पाट्या पुठ्ठ्याच्या, आणि त्या हातातच धरायच्या. मधोमध उंचावर शालिग्राम सर अध्यक्ष. त्यांच्या शेजारी पुण्याचे पाहुणे, धोतर-कोटातले म्हातारे प्रोफेसर. त्यांनी समोर खिशातलं घड्याळ काढून ठेवलं होतं.

सर उठले. "पाहुण्यांना संध्याकाळची गाडी गाठायची आहे. म्हणून वेळेचं भान ठेवू. सहा प्रमुख राष्ट्रं प्रत्येकी दहा मिनिटं बोलतील. बाकीची राष्ट्रं शेवटी ठरावावर मत देतील."

चुडामणला वाटलं, ऐकण्यात चूक झाली असेल. त्याने शेजारच्या पंडितकडे बघितलं. पंडित पाटीने वारा घेत होता.

"म्हंजे आपुन बोलायचंच नही?"

"हात वर करायचा. बस."

अमेरिका बोलली, रशिया बोलला. दोघांनी इंग्रजीत इतकी मोठी वाक्यं फेकली की ती कुठं संपतात ते त्यांनाही सापडेना. कालव्याचा नकाशा दाखवताना इंग्लंडने काठी इटलीवर ठेवली आणि तिथून ती शेवटपर्यंत हलली नाही. टाळ्या पडल्या. चुडामणच्या कोटात अकरा पानं होती. कोटही उसना होता, यावलच्या सुकदेवचा. सुकदेव बिचारा नुसत्या सदऱ्यावर बोलिव्हिया होऊन बसला होता.

सहावं राष्ट्र खाली बसलं आणि चुडामण उभा राहिला.

"अध्यक्ष महाराज, विद्यापीठाच्या नियमावलीत लिहिलंय, कोणत्याही राष्ट्राला सूचना मांडता येते. माझी सूचना आहे. होंडुरासला दहा मिनिटं द्यावीत."

पुढची रांग वळून बघायला लागली. रतिलाल हसून म्हणाला, "होंडुरासला काय सांगायचंय? केळी कच्ची आहेत?"

हॉल हसला. सरही हसले. मग त्यांना पाहुण्यांची आठवण झाली आणि त्यांनी चेहरा सरळ केला. "नियम आहे खरा. चहानंतर मत घेऊ. चोवीसात तेरा मतं मिळाली, तर होंडुरासची दहा मिनिटं. नाही मिळाली, तर खाली बसायचं."

चहाची सुट्टी पंधरा मिनिटांची. व्हरांड्यात कपबशा वाजायला लागल्या. चुडामणने मनात मांडणी केली. आपलं एक, पंडितचं एक, सुकदेवचं एक. झाली तीन. आणखी दहा हवीत. पुढच्या सहांकडून काही मिळायचं नाही. उरले पंधरा. त्यांतली निम्मी पोरं सरांना घाबरणारी, निम्म्यांना युनो म्हणजे चहाबिस्किटं. फुकट कोण कशाला हात वर करील? आणि द्यायला आपल्याकडे आहे तरी काय? न मिळालेली दहा मिनिटं.

तेव्हा त्याला बैलबाजार आठवला.

त्याचे वडील जीवराम आबा बाजारात सौदे जुळवून द्यायचे. घेणारा आणि देणारा तोंडाने भाव बोलत नसत. आबा खांद्यावरचा रुमाल दोघांच्या हातांवर टाकायचे आणि त्याच्या आड बोटं बोलायची. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, अख्खा पंजा म्हणजे पाच. पेर दाबलं की अर्धं. बाजूला शंभर माणसं उभी असली, तरी कुणाला किती कबूल झालं हे कुणाला कळत नसे. आणि एकदा रुमालाखाली बोट दिलं की झालं. मागाहून लाखाची अडचण निघो, तो सौदा फिरत नसे. फिरवला तर पुढच्या बाजारात तुमच्याबरोबर कुणी रुमाल धरत नसे.

उघड विचारलं असतं, तर पहिल्याला एक मिनिट दिल्याबरोबर दुसऱ्याने दोन मागितली असती. चुडामणने खिशातला मोठा रुमाल काढला. घाम पुसायला आणला होता. ऑक्टोबरात जळगावला त्याशिवाय निघवत नाही.

पहिला गाठला पुना. धुळ्याकडचा, अफगाणिस्तान.

"पुना, मत पाहिजे. मिनिटं देतो," असं कानात सांगून चुडामणने त्याच्या हातावर रुमाल टाकला. पुनाच्या डोळ्यांत एकदम चमक आली. खेड्यातल्या पोराला हे शिकवावं लागत नाही. त्याने खालून चुडामणची दोन बोटं धरली. चुडामणने एक सोडवलं. पुनाने पुन्हा धरलं. चुडामणने पुन्हा सोडवलं.

तेवढ्यात रतिलाल कप हातात घेऊन आला. "अरे, होंडुरास अफगाणिस्तानचा हात धरून काय बसलाय?"

"हात दखाडी राह्यनू," पुना म्हणाला. "नशीबमा काय शे ते."

"काय आहे?"

"परदेश शे म्हने." आणि हसता हसता त्याने एका बोटावर सौदा पक्का करून टाकला.

मग चुडामण सुटलाच. नेपाळ एका बोटात आला. लायबेरिया एका बोटात आला. पॅराग्वेने पेर दाबून दीड मागितलं. चुडामणने त्याला डोळे वटारले, तेव्हा एकावर थांबला. हैतीने आधी 'माझं मत असंच घे' म्हणून मोठेपणा केला आणि चुडामण वळायच्या आत एक बोट धरून ठेवलं. रुमाल या हातावरून त्या हातावर फिरत होता. आणि ज्या पोरांनी सकाळपासून तोंडातून शब्द काढला नव्हता, ती पोरं आता घासाघीस करत होती. शालिग्राम सर लांबून बघत होते. त्यांना वाटलं, पोरं हात पुसतायत.

चुडामणला आशा होती की चारपाच जण मैत्रीखातर येतील आणि आपल्याला पाच मिनिटं उरतील. पाच मिनिटांत अकरातली निम्मी पानं तरी घाईने वाचता आली असती. पण एक बोट देणं इतकं सोपं जात होतं, की तो देत गेला. आधी सौदा, मोजणी मागाहून, ही बाजारातली सवय. थांबून मोजली तेव्हा आपली तीन सोडून नऊ मतं झाली होती आणि नऊ मिनिटं गेली होती.

राहिला लोटन. शिंदखेड्याचा, लक्झेंबर्ग. याचा बाप गुरांचा हेडी, बाजारोबाजार गुरं विकत हिंडणारा. हा पाळण्यात असतानाच रुमालाखाली हात घालून बसला असणार.

चुडामणने रुमाल टाकला आणि त्याच्या बोटाचं नुसतं पेर दाबलं. अर्धं.

लोटनने हात काढून घेतला. "मत काय फुकट देसू का मी? त्या बठ्ठास्ले पुरं एक, आनि माले अर्धं?"

"तुला कुणी सांगितलं पुरं एक म्हणून?"

"त्यास्ना तोंडवरतून दिसी राह्यनं. हेडीना पोऱ्या शे मी."

"लोटन, एकच राहिलंय रे. ते माझं आहे."

"मंग तुन्हं तूच ठेव. मन्हं मत मन्हाकडे."

"अरे, मला बोलायचंय. अकरा पानं लिहिलीत मी!"

"माले बी बोलनं शे," लोटन म्हणाला. या वेळी तो हसत नव्हता. "लिखेल काहीच नही. पन बोलनं शे."

शिपायाने घंटा हातात घेतली. हे बोट दिलं नाही, तर मतं बारा. तेरा नाहीत म्हणजे काहीच नाही. दिलं, तर दहा मिनिटं मिळतील आणि त्यात आपला एक शब्दही नसेल. लहानपणी त्याला आबांचं नवल वाटायचं. दिवसभर दुसऱ्यांचे सौदे जुळवून आबा संध्याकाळी मोकळ्या हाताने घरी यायचे, आई तानुबाई भाकरी थापता थापता म्हणायची, "लोकांचे बैल लोकांच्या घरी, तुम्ही काय आणलं?" आबा म्हणायचे, "जमलं बुवा." चुडामणला वाटायचं, हा माणूस येडा आहे.

घंटा झाली. चुडामणने रुमाल पुन्हा टाकला आणि आपलं करंगळीशेजारचं बोट लोटनच्या मुठीत दिलं.

"होंडुरासच्या सूचनेला ज्यांची संमती असेल त्यांनी हात वर करावा," सर म्हणाले, आणि पाण्याचा पेला उचलला. तो तसाच हातात राहिला. मागच्या तीन रांगांतून हात उगवले. सरांनी मोजले. पुन्हा मोजले. तेरा.

"हे... ठीक आहे. होंडुरास. दहा मिनिटं."

चुडामण पुढे गेला. कोटातली पानं बरगड्यांना टोचत होती. पुढची सहा टेबलं त्याच्याकडे बघत होती, त्याला हवी होती अगदी तशी. त्याने तोंड उघडलं.

"होंडुरास आपली दहा मिनिटं दहा राष्ट्रांना देत आहे. अफगाणिस्तान."

"हे चालणार नाही!" रतिलाल उठला.

सरही म्हणाले, "हा पोरखेळ आहे, चुडामण."

पाहुण्यांनी घड्याळ जवळ ओढलं. "वेळ त्याचा आहे. तो कुणालाही देईल. चालू द्या."

पुना आला. म्हणाला, "आमच्या देशाला समुद्रच नाही. कालवा कुणाचाही असो, आमच्याकडे होडी नाही. पण माल आमचाही त्याच वाटेने येतो. एकदा आम्हालाही विचारा." आणि खाली बसला. पंचवीस सेकंद झाली होती. उरलेली कुणाला द्यायची ते त्याला सुचलं नाही.

नेपाळने सांगितलं की मोठे देश भांडतात तेव्हा लहान देशाने कुणाकडे बघून हसायचं, हाच खरा आंतरराष्ट्रीय प्रश्न आहे. हॉल खळखळून हसला. पाहुण्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. लायबेरिया नुसताच रडकुंडीला आला. पॅराग्वेने, आपल्याला दीड मिनिट हवं होतं पण एकच मिळालं, ही तक्रार करण्यात ते एक मिनिट घालवलं. हैती उभा राहिला आणि त्याला काहीच आठवेना. घाम पुसत, पाटी छातीशी धरून तो पुरं मिनिटभर समोर बघत उभा राहिला. पुढच्या रांगेतून 'बस खाली' असा आवाज आला, पण तो हलला नाही. मिनिट त्याचं होतं. वेळ संपल्यावर मान लववून तो जागेवर गेला, आणि मागच्या रांगांनी त्याला सगळ्यांत जास्त टाळ्या दिल्या.

चुडामण बाजूला उभा राहून नावं पुकारत होता आणि मनातून जळत होता. माझी मिनिटं नासवली साल्यांनी! या वाक्याऐवजी मी हे म्हटलं असतं, इथे तो फोटो सांगितला असता. पण मग त्याचं लक्ष पुढच्या रांगेकडे गेलं. रशियाने वाचायला घेतलेला पेपर घडी करून खाली ठेवला होता. इंग्लंड कोपर टेबलावर ठेवून ऐकत होता.

शेवटी लोटन आला. त्याने पाटी टेबलावर ठेवली.

"अध्यक्ष महाराज, लक्झेंबर्गले कालवाबिलवा काही नको. बोर्डिंगना विहीरवरना रहाट मोडीसन दोन महिना व्हयनात. आम्ही बठ्ठा दोर खांदवर टाकीसन पानी ओढतस. जगनं पानी कोनं ते मंग दखू. आधी आमनं दखा."

आणि उरलेली पंचेचाळीस सेकंदं त्याने सदऱ्याची कॉलर बाजूला करून खांद्यावरचा वळ दाखवण्यात घालवली. प्रिन्सिपॉलसाहेब टेबलांच्या बाजूला पहिल्याच खुर्चीवर बसले होते. त्यांना तो अगदी जवळून दिसला.

संध्याकाळी निकाल लागला. उत्तम वक्ता रतिलाल. पुण्याला रतिलाल. शालिग्राम सरांनी चुडामणला केबिनमध्ये बोलावून गुणपत्रिका दाखवली. होंडुरासपुढे काही लिहिलेलंच नव्हतं.

"एक वाक्य बोललास तू. मी गुण कशाला देऊ? नाव पुकारण्याला? तेरा मतं मिळवलीस आणि मिनिटं सगळी वाटून टाकलीस. मूर्ख आहेस."

"हो सर."

"ती मिळवलीस कशी पण? पोरं तर नुसती चहा पीत होती."

चुडामणने सांगितलं. सर म्हणाले, "ही युनो आहे. बैलबाजार नाही." पुण्याचे पाहुणे शेजारी बूट घालत होते. ते नाडीतून मान वर न काढता म्हणाले, "शालिग्राम, तुम्ही न्यूयॉर्कला जाऊन आला आहात का?"

रहाट आठवड्यात दुरुस्त झाला. चुडामण मात्र दोन महिने कुणाशी धड बोलला नाही. लोटन दिसला की रस्ता बदलायचा. सौदा पाळला म्हणजे मन राजी असतं असं थोडंच आहे. रतिलाल पुण्याला जाऊन आला आणि फोटो दाखवत हिंडला.

पुढच्या ऑक्टोबरात बोर्डावर नोटीस लागली. चुडामण तेव्हा शेवटच्या वर्षाला होता. नियम पहिला : विद्यापीठाच्या सूचनेवरून यंदा प्रत्येक राष्ट्रास, लहान असो वा मोठे, तीन मिनिटे मिळतील. नियम दुसरा : प्रतिनिधींनी सभागृहात व व्हरांड्यात मोठे रुमाल बाळगू नयेत.

"तुन्हामुळे शे रे हाई," मागून लोटन म्हणाला. "दोन्ही नियम."

चुडामणने वर्षभरानंतर त्याच्याकडे सरळ बघितलं. मग होंडुरासपुढे आपलं नाव लिहिलं. दुसऱ्या कुणी तो देश मागितलाच नव्हता. दोघं पायरीवर बसले. चुडामणने ती अकरा पानं काढली.

"तीन मिनिटमा इतलं?" लोटनने पानं हातावर तोलून बघितली. "काप."

चुडामणने पहिलं पान वाचलं, दुसरं अर्धं वाचलं. त्यात अध्यक्ष, पाहुणे, प्रिन्सिपॉलसाहेब, प्राध्यापकवृंद आणि पुढच्या सहा थोर राष्ट्रांचे नुसते आभारच होते. ते दीड पान त्याने आधी फाडलं.